एवढंच मागणं



आज आषाढ वद्य एकादशी, म्हणजे कामिका एकादशी. पंढरीची आषाढी होऊन पंधरा दिवस झाले आणि आज आमच्या जिल्ह्यात नेवाशाची यात्रा आहे. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे पैस खांबाच्या दर्शनाला आज पहाटेपासून दिंड्या येतात. अहिल्यानगरहून संभाजीनगरकडे जाताना नेवासा फाटा लागतो, तिथून आत वळलं की प्रवरेच्या काठी हे गाव. तुमच्यापैकी बरेच जण शनिशिंगणापूर किंवा देवगड करताना या रस्त्याने गेले असतील. पुढच्या वेळी थोडं आत वळा, एवढंच सांगतो.

योग बघा, काल आपल्या रोजच्या वाचनात आठवा अध्याय संपला आणि आज एकादशीला नववा सुरू होतोय. वारकऱ्यांच्या फार जिव्हाळ्याचा हा अध्याय. आज सुरुवातीच्या तीस-पस्तीस ओव्याच घेऊ. गंमत म्हणजे या ओव्यांमध्ये गीतेचा एकही श्लोक अजून सुरू झालेला नाही. अर्जुन नाही, रथ नाही, कुरुक्षेत्र नाही. फक्त सांगणारा आहे आणि समोर बसलेले ऐकणारे आहेत. पारायणाच्या घाईत आपण हा भाग भरभर वाचून टाकतो. आज जरा थांबू.

आजच्या ओव्यांत काय आहे

माउली श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात : अवधान. म्हणजे लक्ष. दक्षिणा नको, मानपान नको, पात्रतेची अट नाही. आणि एवढं दिलंत तर सगळ्या सुखाला तुम्ही पात्र व्हाल, असं उघड वचन देतात.

वचन देऊन झालं की लगेच ते स्वतःच जरा सावरतात. ही मी बढाई मारत नाही, तुमच्यासारख्या जाणत्यांपुढे ही माझी सलगी आहे, असं सांगतात. मग सलगी कशी, तर माहेरचा दाखला देतात. माहेर तालेवार असलं की लेकीचे सगळे लाड पुरे होतात. तुम्ही माझं तसलं माहेर आहात, म्हणून मी हट्ट करतोय. पुढे तान्ह्या मुलाचा दाखला. पोर बोबडं बोलतं, वाकडी-तिकडी पावलं टाकतं, आणि आईला मात्र त्याचंच कौतुक. तुम्हीही माझ्या बोलण्याकडे तसंच बघा.

बोबडं बोलणं! मंडळी, हे कोण म्हणतंय? मराठी भाषेत ज्याच्या तोडीचं बोलणं सातशे वर्षांत सापडत नाही, तो माणूस म्हणतोय की माझं बोलणं बोबडं आहे, सांभाळून घ्या.

मागणारा कोण आहे

इथे जरा इतिहासात जाऊ, म्हणजे या 'माहेर' शब्दाचं वजन कळेल.

विठ्ठलपंतांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. लग्न झालेलं असताना ते काशीला गेले आणि संन्यास घेतला. घरी बायको आहे हे गुरूंना कळलं तेव्हा गुरूंनी त्यांना परत घरी पाठवलं. या प्रसंगाबद्दल आपण समाजाने केलेला छळ आठवतो, ते बरोबरच आहे. पण त्याआधीची पायरी मला नेहमी थांबवते. एका गुरूने आपल्या शिष्याला सांगितलं की तुझी साधना आता घरी आहे, जा. तो शिष्य गेला, संसाराला लागला, चार मुलं झाली : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. कुणी तरी घरी परतलं म्हणून ज्ञानेश्वरी झाली. संसार म्हणजे परमार्थातला अडथळा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

या घराला समाजाने जागा दिली नाही. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. शेवटी मुलांची तरी सुटका व्हावी म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. मागे राहिली चार मुलं. ती शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली आणि तिथून नेवाशाला आली. ग्रंथाच्या शेवटी माउली स्वतःच ठिकाण, काळ सगळं नोंदवून ठेवतात : गोदावरीच्या दक्षिण अंगाला, मोहिनीराजांच्या क्षेत्रात, रामदेवराव यादवांच्या राज्यात, शके १२१२. म्हणजे इसवी सन १२९०. परंपरेने धरलेलं वय पंधरा-सोळा.

आता परत त्या ओव्यांकडे या. दहावीतल्या मुलाच्या वयाचा एक मुलगा परक्या गावात, परक्या माणसांपुढे बसलाय. आई नाही, वडील नाहीत, ज्याला आपलं म्हणावं असं गाव नाही. आणि तो म्हणतो, तुम्ही माझं माहेर व्हा. मी बोबडं बोलेन, तुम्ही आईसारखं ऐका.

ही अलंकार म्हणून केलेली उपमा नाही हो. जे नव्हतं तेच त्याने मागितलं. आणि मागताना घर मागितलं नाही, अन्न मागितलं नाही, लक्ष मागितलं. कारण त्याला माहीत होतं की माहेर भिंतींनी होत नाही. जिथे आपलं वाकडं-तिकडं बोलणं कुणी तरी शेवटपर्यंत ऐकून घेतं, ते माहेर.

आणखी एक. ज्याने श्रोत्यांकडे आई मागितली, त्यालाच महाराष्ट्र आज माउली म्हणतो. मागणारा मुलगा सगळ्यांची आई झाला. ही गोष्ट मी चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहून काढली तेव्हा पुढचं काही सुचलंच नव्हतं. आजही फारसं सुचत नाही.

लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं

आता आपल्या घरात येऊ.

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. आपण मुलांवर लक्ष *ठेवतो*, आणि मुलांकडे लक्ष *देतो*. ठेवायचं लक्ष आपण भरपूर ठेवतो. शाळेचं ॲप आहे, व्हॅन कुठे पोचली ते मॅपवर दिसतं, लसीकरणाचे रिमाइंडर आहेत, गृहपाठाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आमच्या धंद्यात याला मॉनिटरिंग म्हणतात. सर्व्हरवर डॅशबोर्ड लावतो, काही बिघडलं की अलर्ट येतो. सगळं हिरवं असेल तर बघायची गरज नाही. वाईट काही नाही त्यात, ठेवायलाच पाहिजे लक्ष.

पण माउलींनी ते मागितलेलं नाही. लक्ष ठेवण्यात आपल्याला बिघाड शोधायचा असतो. लक्ष देण्यात काही शोधायचं नसतं. दिलं की ते आपल्याकडे उरत नाही, समोरच्याचं होतं. म्हणून त्याला 'देणं' म्हणतात.

आमची धाकटी तीन वर्षांची होईल पुढच्या महिन्यात. तिच्या भाषेत 'र' अजून जन्माला आलेला नाही. रिक्षा म्हणजे 'लिक्शा', आणि राम कृष्ण हरि म्हणजे 'लाम किन्ना हई'. तिची गोष्ट कशी असते सांगतो. एक मांजर आली. मग मांजर गेली. मग... (इथे मोठा श्वास)... मांजर आली. सात मिनिटं हे चालतं. त्यात माहिती शून्य आहे. तिच्या आजीने मात्र एवढ्या ऐकण्यातून शोधून काढलं की ती मांजर दर वेळी वेगळी असते. पहिली आपल्या गच्चीवरची, दुसरी समोरच्या काकूंची. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. आजीने काय केलं? काही नाही. भाजी निवडत बसली आणि ऐकलं.

थोरला आठ वर्षांचा. त्याचं उलट. शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही'. पण रात्री दिवे बंद झाल्यावर, अंधारात, डोळे मिटायच्या पाच मिनिटं आधी तो बोलायला लागतो. वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, डबा कुणी एकट्याने खाल्ला, असं सगळं त्याच वेळी बाहेर येतं. बायको म्हणते, 'हा आपला रात्रीचा काकडा.' मला ते फार पटलं. देव उठवायला आपण पहाटे जातो, कारण वेळ देवाची असते, आपली नसते. मुलाची वेळ रात्री दहाची असेल, तर तीच काकड्याची वेळ समजायची.

आणि नेटवर्किंग शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. टीसीपीमध्ये आपण डेटा पाठवला की समोरून पोचपावती यावी लागते. ठराविक वेळात आली नाही तर तोच डेटा पुन्हा पाठवला जातो. पुन्हा नाही आली, पुन्हा पाठवतात. आता आठवा : 'बाबा. बाबा. बाबा. बाबा. बाबा!' पोरगं हट्टी नसतं हो. पोचपावतीची वाट बघत असतं.

पोचलं

ही पोचपावतीची गोष्ट उगाच नाही काढली. आजच्या ओव्यांचा शेवट बघा. माउली खूप वेळ विनवण्या करतात. ऐकणाऱ्याशिवाय बोलणारा बोलणाराच नाही, असं म्हणतात. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण ती हातोटी चंद्राची असते. तांदळांनी 'आम्हाला गोड करा' म्हणून कशाला विनवायचं, कळसूत्री बाहुलीने सूत्रधाराकडे काय मागायचं, असे दाखले देतात. (आज एकादशी, तांदूळ चालत नाही, पण तांदळाचा दाखला चालतो.) मग गुरू निवृत्तिनाथ बोलतात. थोरला भाऊ आणि गुरूही. आणि ते काय म्हणतात? तुझं हे सगळं आमच्यापर्यंत पोचलं, आता नारायणाने काय सांगितलं ते सांग.

पोचलं. एवढाच शब्द. 'किती छान बोललास' नाही, उपदेश नाही, दुरुस्तीही नाही. पोचलं, पुढे बोल. आणि मग नववा अध्याय सुरू होतो.

चंद्रकांत मण्याचा तो दाखला मी बरीच वर्षं विनय म्हणूनच वाचत आलो. तो विनय नाही, अगदी व्यवहार आहे, हे आमच्या घरात यंदा दिसलं.

आमच्या वडिलांना, अण्णांना, माघात पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा. बाजू बऱ्यापैकी सुधारली, काठी घेऊन आता घरात फिरतात. बोलणं मात्र अडकलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. सापडला तर जिभेवरून नीट सुटत नाही. उभा जन्म कारखान्याच्या शेतकी खात्यात काढलेला माणूस. ऊसतोडीची तारीख कधी, म्हणून दिवसाला पन्नास शेतकरी यायचे आणि पन्नासांशीही हे तेवढ्याच उमाळ्याने बोलायचे. बोलणं हेच ज्याचं भांडवल, त्याचं नेमकं तेच गेलं. दर एकादशीला ज्ञानेश्वरीचा एक अध्याय मोठ्याने वाचायचा त्यांचा नेम होता. माघापासून पोथी उघडतात, बोट ओवीवर ठेवतात, आणि ओठ हलतात.

स्पीच थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना समोर बसवून काही नियम सांगितले. टीव्ही बंद करून बोला. एका वेळी एकानेच बोला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. शब्द तुम्हाला कळला असला तरी थांबा. तुम्ही घाईने शब्द पुरवलात तर त्यांचं बोलणं तिथेच संपतं.

मंडळी, मी ऐकता ऐकता थक्क झालो. हे नवव्या अध्यायाचं मंगलाचरणच झालं की. ऐकणाऱ्याशिवाय बोलणारा नाही. माउलींनी ते काव्यात सांगितलं, ताईंनी कागदावर पाच मुद्द्यांत लिहून दिलं, आणि आईने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

घरात आता दोन बोबडी माणसं आहेत. एक पासष्टीतलं, एक तीन वर्षांचं. एकाची भाषा येते आहे, एकाची परतायला धडपडते आहे. आणि त्यांचं एकमेकांशी उत्तम जमतं. कारण धाकटीला घाई नाही. आबा एका शब्दाला अर्धं मिनिट लावतात यात तिला काही वावगंच दिसत नाही. तिलाही तेवढंच लागतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. शब्द आला की टाळ्या वाजवते. नाही आला तर स्वतःच्या मांजरीची गोष्ट सुरू करते, आणि मग ऐकायची पाळी त्यांची.

दिव्याचं तेल

दर वर्षी कामिकेला नेवाशाला जायचा अण्णांचा शिरस्ता. यंदा यात्रेच्या गर्दीत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून गेल्या रविवारी सगळे आधीच जाऊन आलो. सकाळी लवकर, फार माणसं नव्हती.

पैस खांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : तो एक साधा दगडी खांब आहे. त्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा. जुन्या करवीरेश्वराच्या देवळातला तो खांब, आता त्याच्याभोवती मोठं मंदिर आहे. खांबावर एक जुना लेख कोरलेला आहे. आपल्याला वाटेल की त्यावर काहीतरी गहन तत्त्वज्ञान असेल. तर नाही. तो लेख देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दर महिन्याला ठरवून दिलेल्या दानाचा आहे. मोठं काही नाही, महिन्याचं तेल. दिवा विझू नये एवढीच काळजी कुणी तरी दगडात कोरून ठेवली, आणि पुढे त्याच दगडाला टेकून एक मुलगा बोलला.

अण्णा खांबापुढे उभे राहिले, काठीवर भार देऊन. हात जोडले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, 'ते...'

पुढे काही येईना. 'ते...'

थोरला म्हणणार होता काही, त्याच्या आईने हलकेच त्याचा खांदा दाबला. आम्ही थांबलो. मागे दोन-तीन कुटुंबं रांगेत होती, तीही थांबली. एक सेवेकरी आजोबा पुढे यायला निघाले होते, अण्णांच्या तोंडाकडे बघून तेही उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. अशा वेळी अर्धं मिनिट फार लांब असतं.

'तेल,' अण्णा म्हणाले.

दर वर्षी ते दिव्यासाठी तेलाची बाटली घेऊन जात. आणलंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आईच्या पिशवीत बाटली होतीच. सेवेकऱ्यांनी ती अण्णांच्याच हातून घेतली आणि म्हणाले, 'पोचलं हो, माउली.'

त्या आजोबांना आजच्या ओव्यांची आठवण होती की सहज बोलले, मला माहीत नाही. नेवाशाचीच माणसं ती, त्यांच्या तोंडी असलं काही सहज येत असेल.

वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. हिंजवडीतून घरी यायला दीड तास, आल्यावर अमेरिकेचे कॉल, त्यात पोरांना कुठे ऐकत बसायचं?

मला वाटतं माउलींनी वेळ मागितलेलाच नाही. अवधान मागितलंय. खांबावरच्या लेखातही अख्खं देऊळ बांधून द्यायची भाषा नाही. महिन्याचं तेल आहे, पण दर महिन्याला आहे. दिवा एका दिवशी भरभरून ओतलेल्या डब्यावर चालत नाही, रोजच्या पळीभर तेलावर चालतो. वाढदिवसाला रिसॉर्ट बुक करणं म्हणजे एकदम डबा ओतणं. तेही करावं, हौसेला मोल नसतं. पण वात जळते ती रोजच्या पळीवर. पाच मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, तोंड तोंडासमोर. त्यात सल्ला नको, दुरुस्ती नको, 'लिक्शा नाही बाळा, रिक्षा' नको. तो 'र' आपोआप येणार आहे, आणि आला की त्या 'लिक्शा'ची आठवण काढून आपणच हळहळणार आहोत.

ज्यांना मुलं नाहीत किंवा लग्नच झालेलं नाही, त्यांना वाटेल हा लेख आपला नाही. गावाकडे फोन लावा. आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगेल. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, पाऊस नाही, गुडघा दुखतो. ऐका. ते माहेर आता उलटं झालंय. कधी काळी आपल्या बोबड्या बोलांचं जिने कौतुक केलं, ती आता आपल्याकडे तेच मागते आहे. मागत नाही खरं तर, आपल्याला फुरसत आहे का एवढंच विचारते.

सच्चिदानंदबाबांना विसरू नका. शके १२१२ मध्ये माउली बोलत होते तेव्हा हे लिहून घेत होते. गृहस्थ माणूस. यांचा प्राण गेला होता, बायको सती निघाली होती, माउलींनी त्यांना उठवलं, अशी कथा नेवाशात सांगतात. परत मिळालेल्या आयुष्याचं त्यांनी काय केलं? ऐकलं आणि लिहून घेतलं. नऊ हजार ओव्या. स्वतःची एकही भर न घालता, न थकता. आज ज्ञानेश्वरी आपल्या हातात आहे ती बोलणाऱ्याइतकीच त्या ऐकणाऱ्यामुळे.

मग देवाचं काय?

नववा अध्याय पुढे जाईल तेव्हा भगवंत सांगणार आहेत की पान, फूल, फळ, पाणी, काहीही भक्तीने द्या, मला चालतं. तिथे पोचायला आपल्याला काही दिवस लागतील. पण आजचं मागणं आणि ते मागणं वेगळं नाही. माउली श्रोत्यांकडे मागतात ते लक्ष, आणि देव भक्ताकडे मागतो तेही लक्षच. पान-फूल हे निमित्त.

आपली तक्रार असते की नामस्मरणात मन लागत नाही. दोन माळा झाल्या की फोनकडे हात जातो. अहो, समोर दिसणाऱ्या, गळ्यात पडणाऱ्या, 'बाबा' म्हणून ओरडणाऱ्या लेकराकडे पाच मिनिटं मन लागत नसेल, तर न दिसणाऱ्या विठ्ठलाकडे कसं लागणार? हे टोमणा म्हणून नाही म्हणत. उलट आशेची गोष्ट आहे. सराव करायला घरातच माणसं दिली आहेत देवाने. लेकरू, आई, अण्णा, बायको. प्रत्येकाची भाषा थोडी बोबडी, प्रत्येकाची वेळ वेगळी. यांच्यापुढे अवधान द्यायला जो शिकला, तो देवळात गेल्यावर आपोआप शांत उभा राहतो. त्याला वेगळं काही करावं लागत नाही. मुलांना ऐकलं म्हणजे नाम घ्यायला नको, असं मात्र कुणी समजू नका हं. तेल दोन्हीकडचं एकच आहे, दिवे दोन आहेत.

आजचा संकल्प

चार दिवसांनी आषाढी अमावस्या. ऑफिसच्या ग्रुपवर तिचं नाव 'गटारी' असतं आणि बेत वेगळे चाललेले असतात. घरात ती दिव्याची अवस, दीप अमावस्या. माळ्यावरचे, देवघरातले, कोनाड्यातले सगळे दिवे काढायचे, घासून लख्ख करायचे, पाटावर मांडून त्यांची पूजा करायची. कणकेचे गुळाचे दिवे उकडायचे आणि तुपाबरोबर खायचे. आमच्याकडे त्या संध्याकाळी मुलांना ओवाळतात, कारण मुलं म्हणजे घरचे दिवे. औक्षण करताना काय होतं आठवा : तबक हातात असतं, त्यामुळे फोन हातात असू शकत नाही, आणि नजर आपोआप त्या चेहऱ्यावर जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी अवधानाचा केवढा साधा सराव लावून ठेवलाय!

तर आजपासून अवसेपर्यंत, चार दिवस, हे करून बघा :

१. घरातल्या एका माणसाचं रोज पाच मिनिटं ऐकायचं. वेळ त्याची, आपली नाही.

२. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. कळलं असलं तरी.

३. बोलून झालं की पोचपावती द्यायची. सल्ला नाही, फक्त कळलं, पोचलं.

४. मग देवापुढे बसून पाच मिनिटं नाम. क्रम हाच ठेवा आणि काय फरक पडतो तो स्वतः बघा.

उद्या नवव्याचा पहिला श्लोक घेऊ. अण्णा आज पोथी घेऊन बसले आहेत, पहिली ओवी चालू आहे. त्यांच्या शेजारी एक श्रोता मांडी घालून बसलाय, त्याला 'र' येत नाही. ओवी पूर्ण होईल तेव्हा होईल.

राम कृष्ण हरि.